सहानुभूती, प्लास्टरसकट

दिवाळीच्या आधी माळा आवरायचा आणि माळा आवरायला घरातल्या पुरुषाने स्टुलावर चढायचं, असा आमच्याकडे दंडक आहे. त्याप्रमाणे मी चढलो. पुरणयंत्र काढलं, चकलीचा सोऱ्या काढला आणि तिसऱ्या खेपेला सासूबाईंनी दिलेली पितळी परात छातीशी धरून उतरताना स्टूल एकीकडे गेलं आणि मी दुसरीकडे. आवाज ऐकून बायको धावत आली. "परातीला काही झालं नाही हो," असं तिने आधी सांगितलं आणि मग रिक्षा बोलावली.

डावा घोटा. सहा आठवडे प्लास्टर.

मी घरी बसून अनुवाद करतो, त्यामुळे पाय मोडला म्हणून रजा वगैरे भानगड नव्हती. उलट त्या आठवड्यात जे काम टेबलावर होतं ते जणू माझ्या पायासाठीच आलं होतं. एका कंपनीची, आपल्या फोनवरच्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेली पुस्तिका. तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाशी कसं बोलावं, याची. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत मंत्र होता : 'शो एम्पथी, नॉट सिम्पथी.' पुढे चाळीस पानं सिम्पथी, एम्पथी, कम्पॅशन, पिटी, कम्फर्ट, कन्सोलेशन आणि कंडोलन्स यांची नुसती जत्रा. सोबत सूचना, की प्रत्येक इंग्रजी शब्दाला वेगळा मराठी शब्द हवा. मी प्रामाणिकपणे कागदावर यादी केली आणि सातांपैकी पाचांसमोर 'सहानुभूती' लिहून बसलो. पाय त्याच स्टुलावर.

दुसऱ्या दिवशी कराडहून एसटीने आत्या आली. वय एक्याऐंशी, हातात काठी, पिशवीत डिंकाचे लाडू. आल्या आल्या तिने माझ्याकडे न बघता प्लास्टर काठीने दोनदा ठोकून बघितलं, गवंडी भिंत ठोकतो तसं. "पक्कं घातलंय," म्हणाली आणि चहा मागितला.

तेवढ्यात टोरांटोहून पुतण्याचा फोन. स्पीकर चालू होता. "काका, आय अ‍ॅम सो सॉरी!"

आत्याने कप खाली ठेवला. "हा होता का इथे? ह्याने ढकललं तुला?"

हसण्यासारखं आहे, पण आत्याचं काही चुकत नव्हतं. 'सॉरी' हा शब्द एकाच खिडकीवर दोन वेगळी कामं करतो. माफी मागायची तरी सॉरी, आणि दुसऱ्याचं वाईट झालं म्हणून हळहळायचं तरी सॉरीच. मुळात तो फक्त दुखायचा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'दुखरा' असा. घसा धरला की आपण ज्याला 'सोअर थ्रोट' म्हणतो, त्यातला 'सोअर' हा सॉरीचा सख्खा भाऊ. 'सॉरो' मात्र कोणी नव्हे. चेहरेपट्टीमुळे लोकांनी त्यांना नातेवाईक करून टाकलं. म्हणजे आय अ‍ॅम सॉरी म्हणणारा मूळचा माणूस 'माझंही दुखतंय' एवढंच सांगत होता. पुढे त्याला माफीच्या कामाला जुंपलं आणि गोंधळ सुरू झाला. गोंधळ इतका, की पुतण्या राहतो त्या ऑंटॅरिओ प्रांताने 2009 साली रीतसर कायदा केला : कोणी सॉरी म्हणाला तर तेवढ्यावरून त्याने चूक कबूल केली असं दिवाणी कोर्टात धरायचं नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सने हळहळीला असं संरक्षण 1986 मध्येच दिलं होतं. हळहळ व्यक्त करण्याआधी विधिमंडळाची मंजुरी घेणारे लोक मला तरी फार सभ्य वाटतात.

आणि आपणही काही मागे नाही. फारसीतला 'दिलगीर' म्हणजे ज्याचं मन दुखावलंय असा, उदास माणूस. तो मराठीत आला आणि इथे माफी मागायच्या नोकरीला लागला. स्टेशनावर "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" असं जी बाई सांगते, तिच्या आवाजात उदासी शोधून बघा. गाडी पंचवीस मिनिटं उशिरा असताना इतका ताजातवाना आवाज फक्त गाडीत न बसणाऱ्या माणसाचाच असू शकतो.

फोन संपल्यावर आत्याने माझ्या पायाखालचं स्टूल ओढून घेतलं. (पाय तिने आधी उशीवर ठेवला, तेवढी माया आहे.) "ह्यानेच पाडलं ना?" असं विचारून तिने स्टुलाला काठीचा एक रट्टा दिला. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. पण लहानपणी अंगणात पडलो की हीच आत्या जमिनीला चापट मारायची, "हात् मेली, माझ्या बाळाला पाडते!" आणि वर "मुंगी मेली बघ, मुंगी!" असं सांगून मला मेलेली मुंगी शोधायला लावायची. मुंगी कधीच सापडली नाही, पण ती शोधेपर्यंत रडं थांबलेलं असायचं.

आता यावर हसण्याआधी सतराव्या शतकातल्या इंग्लंडात जाऊन या. तिथे सर केनेल्म डिग्बी नावाचे मोठे विद्वान दरबारी होते. त्यांच्याकडे 'सिम्पथीची पूड' होती. हेच नाव, पावडर ऑफ सिम्पथी. तलवारीने जखम झाली की ही पूड जखमेला लावायची नाही. जखमेच्या रक्ताने भरलेली पट्टी किंवा खुद्द तलवार घ्यायची आणि तिला औषध करायचं. रक्ताचं रक्ताशी नातं असल्यामुळे गुण जखमी माणसाला, तो असेल तिथे. पूड म्हणजे वाळवलेला हिराकस. 1658 साली फ्रान्समधल्या मोंपेलिए इथे त्यांचं यावर भाषण झालं, ते छापलंही गेलं. गंमत म्हणजे लोक बरे होत. कारण त्या काळात जखमेवर जी मलमं थापत, त्यांच्यापेक्षा जखमेला कोणी हातच न लावणं कितीतरी आरोग्यदायी होतं. पुढे 1687 मध्ये एका पुस्तिकेने याहून कडी केली : एक कुत्रा जखमी करून जहाजावर न्यावा, त्याची पट्टी लंडनमध्ये ठेवावी, रोज भर दुपारी बारा वाजता ती पुडीच्या पाण्यात बुडवावी, समुद्रावर कुत्रं केकाटलं की कप्तानाने समजावं, लंडनला बारा वाजले. त्यावरून रेखांश काढावा. हे लिहिणारा थट्टा करत होता असं बऱ्याच जणांचं मत आहे. कुत्र्याचं मत कोणी घेतलं नाही.

सांगायचं म्हणजे, सिम्पथी हा शब्द मुळात माणसांच्या मायेचा नव्हेच. ग्रीकमध्ये 'बरोबर' आणि 'वेदना', एवढाच त्याचा सांधा. पण युरोपात तो कितीतरी काळ वस्तू-वस्तूंमधल्या गूढ ओढीसाठी वापरला जात होता. ती खूण अजून शिल्लक आहे. सितारीत वरची तार छेडली की खालच्या तरफा आपोआप झणझणतात. त्यांना इंग्रजीत 'सिम्पथेटिक स्ट्रिंग्ज' म्हणतात. मला शब्दाचा हा उपयोग सगळ्यात सुंदर वाटतो. कोणी न छेडता वाजणं. उलट शरीरशास्त्रात 'सिम्पथेटिक' नावाची जी चेतासंस्था आहे, मराठी पाठ्यपुस्तकात 'अनुकंपी', ती संकट आलं की छाती धडधडवते, घाम फोडते आणि पळ किंवा मार असं सुचवते. शांत करणारी ती दुसरी, परानुकंपी. सोसायटीतले लोक मला बघायला येऊ लागले तेव्हा माझी नेमकी पहिली चालू व्हायची.

कारण आपल्याकडे 'भेटायला जाणं' हा एक कार्यक्रम असतो. बेल वाजते, बिस्किटांचा पुडा किंवा सहा मोसंबी आत येतात, पाठोपाठ माणूस येतो आणि विचारतो, "कसं काय झालं?" मग मी माळा, सोऱ्या, परात, स्टूल ही गोष्ट पहिल्यापासून सांगायची. पहिल्या दिवशी ती पाच मिनिटांची होती. आठवड्याच्या शेवटी मी तिच्यात बरीच भर घातली होती आणि सोऱ्या पडता पडता झेलला असंही सांगू लागलो होतो. गोष्ट संपली की समोरचा "हे तर काहीच नाही," असं म्हणून स्वतःच्या हाडांची सुरू करायचा. सेक्रेटरींच्या मांडीत रॉड आहे. समोरच्या काकूंच्या मनगटात तीन स्क्रू. दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या साडूंना तर प्लास्टर चुकीच्या पायाला घातलं होतं म्हणे. बायबलमध्ये जोब नावाच्या दुःखी माणसाला भेटायला तीन मित्र येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ काही न बोलता बसतात आणि मग तोंड उघडून सगळ्यावर पाणी ओततात. त्यांच्यावरून इंग्रजीत 'जोबचे सांत्वनकर्ते' असा वाक्प्रचारच पडला. आमच्या इमारतीत सात मिनिटंही कोणी गप्प बसत नाही, म्हणजे जोब माझ्यापेक्षा नशीबवानच.

पण पुस्तिकेच्या हिशेबाने हीच एम्पथी होती! 'मी त्या अनुभवातून गेलो आहे असं ग्राहकाला जाणवू द्या.' आमच्या इमारतीने ते मला इतकं जाणवू दिलं, की पाय नेमका कोणाचा मोडलाय याची मला शंका येऊ लागली.

एम्पथी हा शब्द तसा कोवळा आहे. 1909 साली कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांनी तो ग्रीक तुकडे जोडून घडवला, कारण जर्मनमधल्या 'आइनफ्यूलुंग'ला इंग्रजीत शब्द नव्हता. म्हणजे अनुवादक अडला म्हणून जन्माला आलेला शब्द. त्यामुळे टिचनरांबद्दल मला एकदम घरोबा वाटायला लागला. 'आइनफ्यूलुंग'चा अर्थ आत शिरून अनुभवणं. पण शिरायचं ते माणसात नव्हे, तर चित्रात, शिल्पात, इमारतीच्या खांबात. खांब भार पेलतोय असं बघणाऱ्याला आपल्या अंगात जाणवतं, ते. खांबापासून निघालेला हा शब्द शंभर वर्षांत फोनवर तक्रार ऐकणाऱ्या मुलांपर्यंत पोचला. आणि ज्या ग्रीकांचे तुकडे टिचनरांनी उचलले, त्यांच्या आजच्या बोलीत 'एम्पाथिया' म्हणजे आकस, खुन्नस. अथेन्समध्ये कोणाला एम्पथी दाखवायला जाल तर सांभाळून.

पुस्तिकेत पुढे होतं : 'स्वतःला ग्राहकाच्या बुटात घाला.' एक तर त्या दिवसांत मला स्वतःच्याही दोन्ही चपला घालता येत नव्हत्या. शिवाय आपल्याकडे दुसऱ्याच्या चपलेत पाय घातला तर त्याला एम्पथी म्हणत नाहीत. देवळाबाहेर त्याला चोरी म्हणतात. मी त्याऐवजी 'ज्याचं जळतं त्याला कळतं' ही म्हण सुचवली. कंपनीकडून दोन दिवसांनी उत्तर आलं की ही म्हण 'थोडी निगेटिव्ह' वाटते. विचार केल्यावर मला त्यांचं पटलं. म्हण म्हणते की ज्याचं जळत नाही त्याला कळत नाही. सगळी चाळीस पानं तिने चार शब्दांत रद्द करून टाकली होती.

मग मी शब्दांची शोधाशोध वाढवली. सहानुभूती, समानुभूती, परानुभूती. या तिघी बहिणींना एका रांगेत उभं करून कोण कुठली हे फक्त परीक्षेला बसणाराच सांगू शकतो. 'पिटी'साठी कीव चालली असती, पण "तुमची आम्हाला कीव येते" असं ग्राहकाला सांगून बघा. तळमजल्यावरचे आजोबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, त्यांना विचारलं, "कम्पॅशनला अनुकंपा कसं वाटतं?" ते म्हणाले, "अनुकंपा म्हणजे नोकरी." सेवेत असताना कर्मचारी गेला की त्याच्या वारसाला अनुकंपा तत्त्वावर घेतात, त्यासाठी प्रतीक्षा यादी असते, यादीत नंबर असतो. 'दुसऱ्याच्या दुःखाने थरथरणं' असा ज्याचा मूळ अर्थ, त्या शब्दाला आपण फाइल, टिपणी आणि ज्येष्ठता क्रमांक देऊन ठेवलाय. आजोबा म्हणाले, "थरथरायला होतंच हो, पण ते यादी बघून."

एका जागी मात्र मराठीने इंग्रजीवर मात केली आहे असं माझं ठाम मत झालं. शाळेच्या स्पर्धेत चौथा आलेल्या मुलाला इंग्रजीत 'कन्सोलेशन प्राइझ' देतात, म्हणजे सांत्वनाचं बक्षीस : रडू नकोस बाळा, हे घे. आपण त्यालाच 'उत्तेजनार्थ' म्हणतो. कंपासपेटी तीच, पण इंग्रजी मुलगा डोळे पुसत घरी जातो आणि मराठी मुलगा पुढच्या वर्षीच्या तयारीला. मला चौथीत वक्तृत्वासाठी उत्तेजनार्थ मिळालं होतं. मी इतका उत्तेजित झालो की पुढची तीन वर्षं उत्तेजनार्थच मिळत राहिलं.

कंडोलन्सचं प्रकरण सोसायटीच्या व्हॉट्सॅप गटावर घडलं. सेक्रेटरींनी सकाळी माझा प्लास्टरचा फोटो टाकला आणि त्याखाली लगेच 'टाकीचा जुना पंप आज कायमचा गेला' असा संदेश. पंप बावीस वर्षांचा, सगळ्यांचा लाडका. तिसऱ्या मजल्यावरून 'भावपूर्ण श्रद्धांजली' आली, ती कोणाला हे स्पष्ट नव्हतं. त्यानंतर जे जे ऑफिसातून घाईने गट उघडत होते, त्यांनी फोटो बघितला, श्रद्धांजली बघितली आणि हात जोडले. दुपारपर्यंत अकरा जणांनी मला वाहून टाकलं होतं. एकाने 'हार्टली कंडोलन्स' लिहिलं. 'हार्टली' असा शब्द इंग्रजीत नाही, पण 'हार्डली'पेक्षा बरा. संध्याकाळी समोरच्या काकू डब्यात पिठलं-भात घेऊन आल्या आणि दार मीच उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा थोडा पडला. पिठलं मात्र उत्तम होतं.

शेवटी यादीत 'कम्फर्ट' राहिला. हा सोपा वाटत होता. कम्फर्ट म्हणजे आराम; गुबगुबीत खुर्ची, कपडे मऊ करायच्या औषधाची बाटली. अमेरिकेत कम्फर्टर म्हणजे दुलई, इंग्लंडात तान्ह्या बाळाच्या तोंडातली चोखणी. सगळं मऊ मऊ. पण शब्द उलगडला तर आत मऊ काहीच नाही. लॅटिन 'फॉर्टिस' म्हणजे बळकट; कम्फर्ट करणं म्हणजे बळ देणं, धीर देणं. आणि हे कसं द्यायचं याचं चित्रही उपलब्ध आहे. 1066 साली हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, ती सगळी कथा बायो गावच्या कापडावर भरतकामाने काढलीय, जवळजवळ सत्तर मीटर लांब. त्यात ऐन धुमश्चक्रीत बिशप ओडो घोड्यावर दिसतो. हा नॉर्मनांचा नेता विल्यम याचा सावत्र भाऊ. पोरं कच खाऊन मागे फिरायच्या बेतात आहेत, आणि वर लॅटिनमध्ये भरलंय की बिशप ओडो पोरांना 'कम्फर्ट' करतोय. त्याच्या हातात हे एवढं दांडकं आहे.

मी ते चित्र आत्याला दाखवलं. तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "बरोबर करतोय."

आत्याचा धीर देण्याचा प्रकार हाच. आल्यापासून तिने एकदाही "फार दुखतं का रे?" असं विचारलं नाही. सकाळी सातला काठी पलंगाच्या लोखंडी पायावर वाजायची. "ऊठ. घोटा मोडलाय, तोंड नाही मोडलं. दात घास." लाडू रोज दोन, मोजून. तिसऱ्या आठवड्यात मी जरा कण्हलो तर म्हणाली, "तुझे आजोबा मोडका हात गळ्यात बांधून दुसऱ्या हाताने मोट हाकायचे." हे खरं नसावं, आजोबा पोस्टात होते. पण मी उठलो.

पुस्तिका मी वेळेत दिली. कम्फर्टसाठी 'धीर', सॉरीसाठी 'वाईट वाटलं', एम्पथीसाठी फार विचार करून 'समजून घेणं'. आठवड्याने कंपनीचं पत्र आलं, की काम छान झालंय; फक्त एम्पथी, सिम्पथी, कम्पॅशन आणि कम्फर्ट हे शब्द 'लोकांना कळावेत म्हणून' देवनागरीत तसेच ठेवले आहेत.

बिल पाठवून महिना झाला, दोन झाले. प्लास्टर निघालं, पाय वाळक्या शेंगेसारखा बाहेर आला, पैसे आले नाहीत. मी फोन केला. स्पीकर चालू होता. पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं, बरोबर तीन सेकंद थांबली आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमची अडचण आम्ही पूर्णपणे समजू शकतो. आम्हाला खरंच वाईट वाटलं." पान अकरा, चौकट दोन. तीन सेकंद थांबण्याची सूचनासुद्धा माझ्याच मराठीत होती. आणि खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. मी "थँक यू" म्हणून फोन ठेवूनही दिला.

आत्या लाडवांचा रिकामा डबा पिशवीत भरत होती. संध्याकाळच्या गाडीने परत निघायची होती. तिने डबा बाजूला ठेवला, कोपऱ्यातली काठी उचलली आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसली.

"परत लाव फोन," म्हणाली, "आणि माझ्याकडे दे."